आत गेल्याची नोंद

१

सकाळी दहाला बटण दाबायचं आणि आदल्या दिवशीची हजेरी छापून काढायची, हे कार्डवालीचं दिवसातलं सगळ्यात मोठं काम. बाकीचं सगळं किरकोळ. कुणी आपलं कार्ड घरी विसरलं की त्याला दिवसापुरतं पिवळं कार्ड द्यायचं, सही घ्यायची, संध्याकाळी ते परत आलं का ते बघायचं. काचेच्या बाटल्यांचा तो कारखाना तीन हजार माणसांचा, त्यामुळे रोज दहा-बारा विसरभोळे हमखास निघायचे. "डोकं तरी आणलंय ना?" असं ती विचारायची आणि ते हसत सही करायचे.

कारखान्यात दाराला दार लागून होतं आणि प्रत्येक दाराशी भिंतीत एक काळा डबा बसवलेला. डब्याला कार्ड टेकवलं की टिंग वाजायचं, हिरवा दिवा लागायचा आणि दार उघडायचं. प्रत्येक टिंगची मशीनमध्ये एक ओळ पडायची. कोणतं कार्ड, कोणतं दार, किती वाजता. मुख्य फाटकावर आणखी एक गोष्ट: आत की बाहेर. सहा वर्षांच्या असल्या अकरा कोटी ओळी एकाच तक्त्यात साठल्या होत्या. बटण दाबलं की मशीन तो तक्ता चाळायचं, प्रत्येक 'आत'ला त्याचं 'बाहेर' जुळवायचं आणि यादी हातात ठेवायचं.

पूर्वी ती पाण्याची बाटली भरून येईपर्यंत यादी तयार असायची. मग चहा निवेपर्यंत वेळ लागायला लागला. मग तो निवून, त्यावर साय धरून, फेकून देऊन दुसरा मागवेपर्यंत. आता दहाला बटण दाबावं तर यादीला साडेअकरा वाजत होते. किती जणांचं जेवण करायचं ते कळत नाही म्हणून खानावळीतून फोनवर फोन.

"अगं, लोक जेवून ढेकर देतील तेव्हा सांगणार का आकडा?" टाइमकीपरकाका ओरडायचे. त्यांच्या हाताखालीच तिची खुर्ची होती. माणूस तोंडाचा तिखट, पण ती खुर्ची तिला त्यांनीच मिळवून दिली होती.

तिचा नवरा याच कारखान्यात भट्टीवर होता. सतरा महिन्यांपूर्वी एका सकाळी तो पहिल्या पाळीला आत गेला आणि घरी आलाच नाही. चौकशी झाली, कोपरान् कोपरा धुंडाळला, भट्टीच्या राखेपर्यंत सगळं पाहून झालं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की तो भिंत ओलांडून पळाला. संसाराला कंटाळलेले असे पळतातच म्हणे. तिला तेव्हा सातवा महिना होता. ठकी झाली, तीन महिन्यांची झाली, तेव्हा काकांनी तिला बोलावून घेतलं. शाळा सातवीपर्यंतच, पण आकडे पक्के. तेवढं पुरलं.

२

मशीन दुरुस्त करायला बाहेरून एक जण आला. काटकुळा, जाड चष्म्याचा, बोलायला मऊ. पहिल्या दिवशी त्याने ओळींना खुणा लावल्या. "जाड पुस्तकाला शेवटी शब्दांची यादी असते ना ताई, तसं. सगळी पानं उलटायला नकोत." दुसऱ्या दिवशी दहाची यादी दहा वाजून चार मिनिटांनी आली. काकांनी त्याला स्वतःच्या डब्यातलं खाऊ घातलं.

तिसऱ्या दिवशी यादीला पावणेबारा वाजले.

"डबा परत कर," काका म्हणाले.

मशीनवाला हसला नाही. दुपारभर तो पडद्यासमोर वाकून बसला आणि तीनच्या सुमाराला मान वर करून म्हणाला, "सापडलं. सगळी यादी एका कार्डापाशी अडकते. बाकी सगळ्यांच्या 'आत'चं 'बाहेर' त्याच दिवशी मिळतं. या एकाचं मिळतच नाही. मग मशीन त्या दिवसापासून आजपर्यंत शोधत बसतं. रोज ओळी वाढतात, रोज शोध लांबतो. कार्ड नंबर चार शून्य सात..."

"एक एक नऊ," कार्डवाली म्हणाली.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

ती टेबलावरची पिवळी कार्डं सारखी करू लागली. काकांनीच घसा खाकरून सांगितलं.

मशीनवाला जरा वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "उपाय सोपा आहे तसा. त्या दिवशीची बाहेर गेल्याची एक ओळ हाताने घालायची. मशीन सुटेल."

"घाला मग आणि मोकळे व्हा," काका म्हणाले.

"काका, नको."

"अगं, पण..."

"नको म्हणते ना मी."

काकांशी ती इतक्या वरच्या आवाजात कधी बोलली नव्हती. तिचं तिलाच कसंसं झालं. पण त्यांना समजावून सांगायचं तरी कसं? नवरा पळाला, असं सासर-माहेर म्हणत होतं, शेजारपाजार म्हणत होता, चौकशीचा कागदही तेच म्हणत होता. साऱ्या जगात एकाच जागी वेगळं लिहिलेलं होतं. त्या एका उघड्या ओळीत. ती ओळ म्हणत होती की हा माणूस कुठे गेला नाही, कामाला आला आणि अजून आत आहे. ती ओळ मिटली की तिच्याजवळ काय राहणार?

"परवापर्यंत दुसरं काही जमतंय का बघतो," मशीनवाला हळूच म्हणाला.

३

दुसऱ्या दिवशी काका जेवायला गेले तेव्हा त्याने तिला खुणेने बोलावलं.

"ताई, एक विचारू? ते कार्ड कुणाजवळ आहे?"

"त्यांच्याचजवळ. शर्टाच्या खिशात ठेवायचे."

त्याने पडदा तिच्याकडे फिरवला. हजेरीच्या यादीत फक्त उघडलेली दारं येतात, हे तिला ठाऊक होतं. न उघडलेल्या दारांच्याही ओळी पडतात, हे ठाऊक नव्हतं. बंद झालेलं कार्ड डब्याला लावलं तर दार उघडत नाही, लाल दिवा लागतो, पण ओळ पडतेच. पुढे शब्द येतो: नाकारलं.

पाळी सुटते साडेपाचला. त्यानंतर तासाभरात जो बाहेर पडत नाही त्याचं कार्ड मशीन आपोआप बंद करतं, साडेसहाच्या ठोक्याला. नियमच आहे. कुणी अडकलाच तर वॉचमनला हाक मारतो आणि तो आतून बटण दाबून सोडतो. त्यात एवढं काही नाही.

त्या दिवशीची ओळ तिने बोट ठेवून वाचली. सहा वाजून एकतीस मिनिटं. मुख्य फाटक. नाकारलं.

"एका मिनिटाने," ती म्हणाली.

"वॉचमनने जबानीत सांगितलंय, त्या वेळी फाटकाशी कुणीच नव्हतं."

"आणि ही खालची?"

खाली दुसऱ्या दिवसाची होती. सकाळी सात बावन्न, भट्टीचं दार, नाकारलं. दुपारी बारा चाळीस, खानावळ, नाकारलं. सहा एकतीस, फाटक, नाकारलं. त्याखाली तिसरा दिवस. चौथा. रविवारी फक्त फाटक. तो पडदा वर सरकवत राहिला आणि ओळी संपेनात. ठकीचा जन्म झाला त्या दिवशीही तीन होत्या. ठकीला ताप चढून ती रात्रभर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसली होती, त्याच्या आदल्या संध्याकाळी होती.

"डबे जुने झालेत," मशीनवाला घाईघाईने म्हणाला. "आर्द्रतेने बिघडतात. जुना नंबर अडकून राहतो, तोच तोच पुन्हा पाठवतात. असं होतं कधी कधी."

"होतं का?"

काकांच्या चपलांचा आवाज आला तसा त्याने पडदा मिटला.

४

भट्टीकडून खानावळीकडे जाणारा एक लांब बोळ आहे. दोन्ही टोकांना दारं, मध्ये काही नाही. बारा वीसला तिथून सगळी पाळी धबाधबा जाते आणि बारा चाळीसला तिथे चिटपाखरू नसतं. भिंतीपलीकडे बाटल्या पट्ट्यावरून सरकत असतात, त्यांची किणकिण तेवढी चालू असते.

कार्डवाली बारा पस्तिसला खानावळीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आपण वेड्यासारखं करतोय हे तिला कळत होतं. डबा बिघडलाय, आणि बिघडलेल्या डब्याला भेटायला कुणी जातं का? पण केस मात्र तिने मुद्दाम नीट बांधले होते.

बारा चाळीसला डबा घरघरला. टिंग नव्हे. नकाराचा आवाज वेगळा, घशातून येतो तसा. लाल दिवा लागला, विझला.

बोळात ती एकटीच होती.

तरी तिला वास आला. जळक्या सुताचा. भट्टीवर त्याची डावी बाही नेहमी भाजायची, ती दर आठवड्याला ठिगळ लावायची आणि बडबडायची, "माझं अर्धं आयुष्य तुमच्या बाहीत गेलं." पण भट्टी तीन भिंतींपलीकडेच होती. जळका वास तिथे कुणालाही येईल.

"अहो," ती म्हणाली.

डबा पुन्हा घरघरला. बारा चाळीस उलटून गेले होते.

"मी आहे."

पुन्हा. या वेळी लांब. तिने डब्यावर तळवा ठेवला. तो कोमट होता, माणसाच्या गालासारखा, आणि तिच्या हाताखाली थरथरत होता. सतरा महिन्यांत तिला इतकं कुणी जवळ वाटलं नव्हतं. ती तशीच डोळे मिटून उभी राहिली. सुटीच्या दिवशी सगळी कामं आटोपल्यावर दारात उभं राहावं, तशी.

तेवढ्यात बोळाच्या दुसऱ्या टोकाचा डबा घरघरला. भट्टीच्या दाराचा. आणि तिच्या हाताखालचाही, त्याच क्षणी.

दोन्ही एकदम. एकदा, दोनदा, तीनदा.

तिचा हात आपोआप मागे आला. ती चालत निघाली. पळायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं, आणि बोळाबाहेर आली तेव्हा ती पळत होती.

५

"पूर्वी रोज तीनच होत्या," मशीनवाला म्हणाला. आज तो तिच्याकडे बघतच नव्हता. "गेल्या महिन्यात चाळीस. या आठवड्यात रोज चार-चार हजार. म्हणून माझ्या खुणांचा उपयोग झाला नाही. त्या एकाच नंबराखाली डोंगर झालाय."

"चार हजार वेळा दार वाजवलं?"

"वाजवलं म्हणू नका, ताई. ओळ पडली म्हणा." त्याने एका जागी बोट ठेवलं. "हे बघा. बारा एक्केचाळीस. खानावळ. आणि ही भट्टी. सेकंदसुद्धा तोच. आणि हे गोदाम, तेही त्याच सेकंदाला. माणूस एका वेळी दोन दारांशी नसतो."

"माहीत आहे मला."

"मग हे जे काही आहे ते..."

"सतरा महिने एकही दार उघडलं नाही," ती म्हणाली, "तर माणूस माणसासारखा कसा राहील, दादा?"

बाहेर काका कुणाला तरी झापत होते, "काल पण विसरलास, आज पण विसरलास! गळ्यात घंटा बांधू का?"

"उद्या सकाळी मी बाहेर गेल्याची ओळ घालतो," तो शेवटी म्हणाला. "आणि सगळे डबे बदलून घ्या म्हणून लिहून देतो. झालं. तुम्हीही सुटाल."

"खोटी ओळ नको. खरीच पडू दे."

"म्हणजे?"

"ते कार्ड चालू करा. उद्या एका संध्याकाळपुरतं. सहा ते सात. फक्त फाटकाचं. बाहेर गेल्याची नोंद पडली तर तुमचं मशीन सुटेल. नाही पडली, तर परवा तुम्हाला काय घालायचं ते घाला, मी सही करेन."

त्याने कळफलक पुढे ओढला आणि परत मागे सरकवला.

"ताई, मला दोन मुलं आहेत," तो म्हणाला. असं का म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नसावं.

"मला एक आहे," ती म्हणाली.

त्याने एका कागदावर वेळ लिहून घेतली.

६

घरी सासूबाई ठकीला भरवत होत्या. ठकी एक घास खायची आणि दुसरा त्यांच्या नाकाला लावायची.

तिने सगळं नाही सांगितलं. उद्या यायला उशीर होईल, फाटकाशी जरा थांबायचं आहे, एवढंच म्हणाली. पण सासूबाईंनी आयुष्यात अर्ध्या वाक्यांवरच सगळं ओळखलेलं होतं. त्यांचा हात थांबला.

"येतोय का तो?"

"तसं नाही आई. मशीनचं काम आहे."

"मशीनचं," सासूबाई म्हणाल्या. "मला म्हातारीला शेंडी लावतेस होय गं?" मग बराच वेळ त्या ठकीचं तोंड पुसत बसल्या, पुसायचं काही उरलं नव्हतं तरी. "एकटी जाऊ नकोस. हिला घेऊन जा."

"हिला कशाला? तिथं धूळ, गर्दी."

"त्यानं हिला बघितली नाही." सासूबाईंनी ठकीला तिच्याकडे सरकवलं. "तुला बघून थांबेल न थांबेल. हिला बघून घरी येईल."

रात्री ठकी झोपल्यावर कार्डवालीने तिचा हात हातात घेतला आणि एकेक बोट मोजलं, जन्मली त्या दिवशी मोजलं होतं तसं. नेऊ नये, असं तिला आतून वाटत होतं. दोन्ही डबे एकदम घरघरले ते आठवत होतं. आणि त्याचबरोबर हेही वाटत होतं की तो फाटकाबाहेर आला आणि समोर कुणीच नसलं तर? इतक्या दिवसांनी सुटलेला माणूस. समोर रिकामा रस्ता. तो कुठे जाईल?

७

साडेपाचचा भोंगा झाला आणि फाटकातून माणसांचा लोंढा सुटला. टिंग टिंग टिंग. लोखंडी आडव्या दांड्यांचं ते फिरतं दार एका वेळी एकालाच सोडायचं आणि सारखं खडखडत होतं. कार्डवाली रस्त्यापलीकडे, विजेच्या खांबाखाली उभी होती. ठकी कडेवर. कुणी ठकीचा गाल ओढायला आलं की ती किंचाळून तोंड फिरवत होती.

"आज बाहेरून हजेरी घेतेस का?" वॉचमन ओरडला.

"तुमची घेते. झोपता की काय बघायला."

सहाला गर्दी सरली. सव्वासहाला रस्ता मोकळा झाला. वॉचमन त्याच्या खोलीत चहा ओतून घेत होता. फाटकावरचा दिवा लागला. ठकी चुळबुळ करायला लागली, तिच्या खांद्यात डोकं खुपसायला लागली. आता उतरेल, आता रडेल, मग जावंच लागेल. काहीच होणार नाही आणि मी घरी जाईन, असं कार्डवालीने मनाशी म्हटलं. ते म्हणताना तिला बरं वाटलं, आणि त्याच दमात तितकंच वाईटही वाटलं.

सहा एकतीस.

टिंग.

हिरवा दिवा लागला. लोखंडी दांडे हलले, अगदी सावकाश, आधी अडखळत, एखाद्याने सवय गेल्यावर जोर लावावा तसे. एक पूर्ण फेरा झाला आणि दार थांबलं.

दारात कुणी नव्हतं. वॉचमनने मान वर करून पाहिलं, दाराकडे, मग तिच्याकडे, आणि पुन्हा चहात तोंड घातलं.

तिने रस्त्याकडे पाहिलं. फाटकापासून तिच्यापर्यंत वीस पावलं. धूळ कुठे हलत नव्हती. एक कुत्रं फाटकाशी पडून होतं, ते उठलं आणि न भुंकता लांब जाऊन बसलं.

ठकीने खांद्यावरून डोकं काढलं. अनोळखी माणूस दिसला की ही पोर भोकाड पसरायची. काका अजून तिला हात लावू शकत नव्हते. ती आईच्या कानामागे, जरा वर, मोठ्या माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर बघत राहिली. मग हसली. सगळे चार दात दाखवून हसली. आणि दोन्ही हात पुढे केले, 'घे' म्हणून.

कार्डवालीची कंबर हलकी झाली.

आधी थोडी, मग आणखी. ठकीचं सगळं वजन तिच्या हातावरून उतरत होतं. कुणीतरी बाळाच्या काखेत हात घालून बेताने, बिचकत उचलावं, पहिलं मूल पहिल्यांदा उचलतात तसं. ठकीचे पाय तिच्या कमरेपासून सुटले. फ्रॉकची घडी काखेपाशी आत दबली.

"अहो," कार्डवाली म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना, इतका तो मऊ होता. "हळू. तिला सवय नाही."

क्षणभर ते तसंच राहिलं. त्या क्षणासाठी तिने सतरा महिने काढले होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

मग ठकी आणखी वर गेली.

आणि वर जाता जाता फाटकाच्या दिशेला गेली.

कार्डवालीने दोन्ही हातांनी तिला घट्ट धरलं. "नाही," ती म्हणाली. "घर इकडं आहे. अहो, घर इकडं."

ठकी हसतच होती. कार्डवालीने मुठी आवळल्या, कापड टर्रकन उसवलं, तरी तिने सोडलं नाही.

पलीकडूनही कुणी सोडलं नाही.